हजार वॅटचा बहिरेपणा

स्वस्तात होम थिएटर बसवता येतं, आणि चांगलं बसवता येतं. फक्त दुकानदार सांगतो तसं नाही, इंटिरियरवाला सांगतो तसंही नाही. आणि आपण ज्या हौसेपोटी ते घ्यायला निघतो, त्या हौसेपोटी तर मुळीच नाही. दिवाळी आली, क्रिकेटची मोठी स्पर्धा आली, की दुकानांच्या दारात खोक्यांच्या थप्प्या लागतात. खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं : १००० वॅट, ५.१, डॉल्बी, ब्लूटूथ, कराओके. वीसेक हजार मोजून ते घरी येतं. पहिल्या रविवारी एक मारधाडीचा सिनेमा होतो, शोकेसमधल्या काचा थरथरतात, घरधनी कृतकृत्य होतो. आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच घरातली आई मराठी सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून बघायला लागते. का, तर नट काय पुटपुटतोय ते कळत नाही.

वीस हजार खर्चून मातृभाषा वाचायची वेळ येते, तरी कोणाला शरम वाटत नाही. उलट आईलाच सांगतात, "आई, तुला ऐकू कमी येतंय, एकदा कान तपासून घे."

आईच्या कानांना काही झालेलं नाही. पैसे चुकीच्या वस्तूवर गेलेत. बजेट तुटपुंजं असेल तर पहिली मागणी एकच हवी : माणसाचं बोलणं खणखणीत ऐकू आलं पाहिजे. धमाका, थरथर, डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर हे सगळं नंतर, पैसे उरले तर. आपण नेमकं उलट करतो. आधी भूकंप विकत घेतो आणि शब्दांना वाऱ्यावर सोडतो.

सुरुवात त्या हजार वॅटपासून करू. सगळ्या लबाडीचं मूळ तिथे आहे. पूर्वी खोक्यावर 'पीएमपीओ' लिहायचे. त्या आकड्याला ना कुठलं प्रमाण होतं ना आगापिछा, त्यामुळे तळहाताएवढ्या कॉम्प्युटर स्पीकरवरही हजारांत वॅट छापले जायचे. ही थापेबाजी जगभर चालायची. अमेरिकेत तिला आवर घालायला फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियमच केला, की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सांगायची तर तो सलग किती वॅट देतो ते सांगा आणि त्या वेळी आवाज किती फाटतो तेही सांगा. आपल्याकडे गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून विकणारा सांगत नाही.

विचारायचीही गरज नाही. खोकं उलटं करा, मागची पट्टी वाचा. बऱ्याच साउंडबारसोबत लॅपटॉपसारखा अडॅप्टर येतो. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, समजा, १९ व्होल्ट, ३ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार करा. झाले ५७ वॅट. भिंतीतून ५७ वॅट ओढणारं यंत्र पुढून सलग पाचशे वॅट बाहेर टाकू शकत असतं, तर महानिर्मितीने कोयनेचं धरण बंद करून साउंडबारच बसवले असते. एखाद्या क्षणापुरता झटका जास्त बसू शकतो, पण क्षणाच्या झटक्यावर अडीच तासांचा सिनेमा निघत नाही.

यातली गंमत पुढेच आहे. ते वॅट खरे असते तरी तुम्हाला लागणारच नव्हते. साधा बरा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तुमचा सोफा तीन मीटरवर असेल तर तिथे जवळपास ८० डेसिबल पोचतो. समोरासमोर बसून आपण बोलतो ते साधारण ६० डेसिबलमध्ये. म्हणजे एका वॅटमध्येच शेजारचा जोशी भिंत ठोकायला येईल. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. पन्नास आणि शंभर वॅटमधला फरक म्हणजे रिमोटवरची दोन-तीन बोटं. त्यासाठी पाच हजार जास्त मोजणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

वॅटनंतरची भूल म्हणजे स्पीकरची संख्या. पाच स्पीकर आणि एक वूफर बारा हजारांत. गिऱ्हाईक खूश, दोन स्पीकरच्या किमतीत सहा मिळाले! त्या सहांपैकी एक उघडून बघा. प्लॅस्टिकच्या डबीत अडीच-तीन इंचाचा एकच पडदा. इतका चिमुकला पडदा खालचे सूर काढूच शकत नाही. मग कंपनी काय करते? जे डब्यांना झेपत नाही ते सगळं कोपऱ्यातल्या वूफरच्या गळ्यात मारते. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. तोच नेमका त्या वूफरकडे जातो. परिणाम असा, की नायकाचे ओठ टीव्हीवर हलतात, त्याचा अर्धा आवाज टीव्हीखालून येतो आणि उरलेला अर्धा टीपॉयमागच्या खोक्यातून. चांगल्या सिस्टिममध्ये वूफर साधारण ८० हर्ट्झच्या खालचंच काम करतो. तिथला आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणून ती चोरी पकडली जात नाही. स्वस्त डब्यात ती उघड्यावर होते.

आणि त्या पाचांचं घरी काय होतं, तेही मी डोळ्यांनी बघतो. नात्यागोत्यात कोणाचा आवाज 'बसला' की मला बोलावणं येतं. गेल्यावर काय दिसतं? मागचे दोन स्पीकर मागे नसतातच. वायर तिथवर पोचत नाही, ड्रिल मारायला सोसायटीत दुपारी बंदी, म्हणून ते टीव्हीच्याच वर, पुढच्या दोघांच्या बोडक्यावर बसवलेले असतात. सिनेमात पाठीमागून पाऊल वाजतं ते इथे नायिकेच्या कपाळातून वाजतं. मधला स्पीकर, म्हणजे पाच चॅनलच्या मिश्रणात जवळजवळ सगळे संवाद ज्याच्यातून येतात तो, काचेच्या दाराआड कुलूपबंद. विचारलं तर उत्तर मिळतं, "धूळ बसते हो काका."

हे सगळं बघून मला मुंबईतला लॅमिंग्टन रोड आठवतो. आज त्या रस्त्यावर स्पीकर, वायरी आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा बाजार भरतो. त्याच रस्त्यावर मिनर्व्हा टॉकीज होतं, जिथे १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षं चालला. ७० मिलिमीटरचा पडदा, स्टिरिओफोनिक आवाज, हवेत भिरकावलेलं नाणं पडल्याचा खणकन आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे असं सांगतात. तो आवाज घरी नेण्याची सोय तेव्हा कोणाकडेच नव्हती. मग लोकांनी काय घरी नेलं? पॉलिडॉरने या सिनेमाच्या संवादांची रेकॉर्ड काढली आणि ती तुफान खपली. लोक इराण्याच्या हॉटेलात, गणपतीच्या मांडवात, पानाच्या ठेल्यावर गब्बरचं बोलणं ऐकायचे, बहुतेक वेळा एकाच स्पीकरवर. आमच्या घरांत पुलंच्या कॅसेटी वाजायच्या, त्याही एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर, आणि एकही कोटी वाया जायची नाही. ज्या समाजाने एका स्पीकरवर शब्द न् शब्द पाठ केला, तोच समाज आज सहा स्पीकर लावून "काय म्हणाला रे?" विचारतो.

दुकानात काय घडतं तेही सांगतो. मध्यंतरी एका ओळखीच्या गृहस्थांसोबत एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो. काचेची खोली, गडद निळे दिवे. विक्रेत्या पोराने ठरलेली चित्रफीत लावली : पाऊस, पानं, मग हेलिकॉप्टर, मग स्फोट. आवाज जवळजवळ शेवटच्या काट्यावर.

"बघा सर, घर हादरेल."

"घर हादरवायचं नाहीये मला. बातम्या लावा कुठल्या तरी."

तो हसला. "बातम्या? सर, होम थिएटरवर बातम्या कोण ऐकतं?"

"लावा तर. आणि आवाज कमी करा. आम्ही घरी ऐकतो तेवढा."

त्याने नाइलाजाने लावल्या. निवेदिका नाकात बोलायला लागली. 'स' आणि 'श' एकमेकांत विरघळले, 'पुणे' आणि 'सुने' यांत फरक उरला नाही. शेजारच्या खणात त्याच किमतीची दोन स्पीकरची साधी जोडी धूळ खात होती. तिच्यावर लावायला सांगितल्या. तीच बाई माणसासारखी बोलायला लागली. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, हे चांगलं आहे, पण हे कोणी मागत नाही. दोनच स्पीकर दिसतात ना!"

सगळी मेख इथेच आहे. दुकानदार आपल्याला फसवतो हे अर्धसत्य. आपण जे मागतो ते तो देतो. पाहुण्यांना मोजता येतील इतके स्पीकर आपल्याला हवे असतात. ऐकू येतील इतके नाही. आणि दुकानदार आवाज मोठा का ठेवतो? दोन सिस्टिममधली जी थोडी मोठी वाजते ती कानाला चांगलीच वाटते, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दुकानात जाल तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून मागा. आणि गाणं किंवा स्फोट नको, माणसाचं बोलणं लावा. नाटकाची चित्रफीत सगळ्यांत उत्तम. विक्रेत्याचा चेहरा पडला तर समजा, योग्य जागी बोट ठेवलंत.

आता डोक्यावरून आवाज सोडणारे साउंडबार. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ साली सिनेमागृहांसाठी आलं. छतात स्पीकरच्या रांगा, म्हणून आवाज वरून येतो. घरच्या स्वस्त बारमध्ये छतातले स्पीकर नसतात. बार आपला आवाज छतावर आपटतो आणि तो परतून कानावर पडावा अशी आशा धरतो. त्यासाठी छत सपाट आणि कडक हवं. आपल्या छताला असतो पंखा, पीओपीच्या तीन पायऱ्या, मध्ये खोलगट चौकोन आणि त्यात दडवलेली निळी एलईडी पट्टी. तो आवाज कुठे आपटून कुठे जाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. अगदी स्वस्त बारमध्ये तर वर तोंड केलेला स्पीकरही नसतो, असतं ते केवळ चिन्ह. त्या चिन्हाचे पैसे मात्र घेतात.

इंटिरियरवाल्यांना मी आवाजाचे वैरी म्हणतो आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काचेचा टीपॉय, बाजूला आरसा, खिडकीला पडदा नको कारण 'मिनिमल लुक'. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागून टर्र असा आवाज आला, तर तुमचं घर म्हणजे मोरी आहे. मोरीत गाणाऱ्याला आपण भीमसेन आहोत असं वाटतं ते फरशीमुळे. तीच फरशी संवादाची माती करते. अशा खोलीत लाखाची सिस्टिम ठेवा, नट विहिरीतूनच बोलणार. उपाय जवळजवळ फुकट आहे : टीव्ही आणि सोफ्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला जड पडदे, भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आवाज चांगला विस्कटतो, त्या निमित्ताने ते अंक घरात तरी राहतील. पण इंटिरियरवाल्याला सतरंजी 'ओल्ड फॅशन्ड' वाटते आणि त्याने बनवलेल्या टीव्ही युनिटमध्ये स्पीकरसाठी कप्पा असतो, ज्यात घातलेला स्पीकर डब्यात बोलल्यासारखा घुमतो. युनिटला दीड लाख, आवाजाला पंधरा हजार. हे आपलं बजेट. पैसे नाहीत म्हणून रडायचं, आणि ते प्लायवूडमध्ये ओतायचे.

दुसऱ्या टोकाला आहेत ते सोवळ्यातले शौकीन. लाखाच्या आत आवाजच नाही, असं त्यांचं मत. वायर 'ऑक्सिजन फ्री' हवी, टोकाला सोन्याचा मुलामा हवा, विजेच्या प्लगलाही वेगळी केबल हवी. यांच्यामुळे साधा माणूस घाबरतो आणि निमूट साउंडबार उचलतो. घरातल्या पंधरा-वीस फुटांना साधी १६ गेजची तांब्याची जोडवायर पुष्कळ झाली. फसवणूक झालीच तर ती वेगळीच असते : अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर तांब्याच्या भावात विकतात. तार तिरपी कापा आणि टोक उजेडात धरा. आतून पांढरट चकाकली तर परत करा. सोन्याच्या टोकाने कानाला काही कळत नाही, पण एका स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडल्या तर बास गायब होतो आणि संवाद हवेत विरतात. हे तपासायला एक पेन्सिल सेल पुरतो. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा, वायरीची टोकं सेलला क्षणभर टेकवा. धन टोक धनाला असेल तर पडदा बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. एका सेलात शहानिशा.

मग पंचवीस हजारांत करायचं काय? पुण्यातल्या तपकीर गल्लीत उभं राहून मी सांगेन ते हे. पहिला रस्ता : अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेल्या 'पॉवर्ड' स्पीकरची जोडी. दहा-पंधरा हजारांत बरी मिळते. टीव्हीला ऑप्टिकल वायरीने जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' करा. हे केलं नाही तर काही जोड्यांमधून आवाजच येत नाही आणि लोक चांगला माल परत करून येतात. दुसरा रस्ता थोडा धीराचा. दहा-बारा वर्षांपूर्वीचे, पाच चॅनलचे एव्हीआर, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही हाताळणारे अ‍ॅम्प्लिफायर, मातीमोल विकले जातात, कारण त्यांतले कित्येक आजचं ४के चित्र पुढे पाठवत नाहीत. चित्र त्यांच्यातून पाठवायचं कशाला? चित्र थेट टीव्हीत घ्या, आवाज तेवढा ऑप्टिकलने एव्हीआरला द्या. डॉल्बी डिजिटल ५.१ त्या वायरीतून सुखरूप जातं. जुने स्पीकर घेताना पडद्याभोवतीची कड बोटाने हलकेच दाबा. फोमची कड आपल्या दमट हवेत कुजते आणि चुरा होऊन हाताला लागते. रबरी कड टिकते.

मांडणीला पैसे लागत नाहीत, तरी तीच कोणी करत नाही. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरमधला वरचा छोटा पडदा आपण बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. कपाटात नको, भिंतीला चिकटवून नको, तोंड सोफ्याकडे. मध्ये बसलात तर या दोघांतूनच आवाज टीव्हीच्या मधोमध उभा राहतो. घरात चौघं असतील आणि दोघं कडेला बसत असतील, तर पुढची खरेदी मधल्या स्पीकरची. त्यानंतर वूफर, आणि मागचे दोघे सगळ्यांत शेवटी. बाजार याच्या बरोबर उलट्या क्रमाने विकतो. सिनेमा थिएटरच्या मोठ्या आवाजासाठी मिसळलेला असतो, म्हणून रात्री टीव्हीतला किंवा अ‍ॅम्पमधला 'नाइट मोड' चालू करा. स्फोट खाली येतात, कुजबूज वर येते, आणि रिमोट जपमाळेसारखा हातात धरून बसावं लागत नाही.

राहिला वूफर, आपला राष्ट्रीय लाडका. बारा फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींत अडकतो. एका जागी पोटात गडगडतं, दुसऱ्या जागी काहीच नसतं. कोपऱ्यात ठेवला तर फक्त घुमतो. जागा शोधायची रीत जुनी आहे : वूफर उचलून सोफ्यावर, आपल्या जागेवर ठेवा, एखादं ठेक्याचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगा. जिथे बास स्वच्छ, मोजका ऐकू येईल ती वूफरची जागा. चाळिशीतला गृहस्थ हॉलमध्ये रांगताना बघून मुलं हसतील. हसू दे. पण वीस हजारांचा वूफर घेऊन तो झाडूशेजारी कोपऱ्यात ढकलणारा माणूस मला त्याहून विनोदी वाटतो.

हा ढुम-ढुमचा सोस आपल्याला लागला कुठून? मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपल्याला शिकवलंय, की छातीवर आदळतो तो आवाज चांगला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. त्यांचं पालन रस्त्यावर किती होतं ते आपण बघतोच, आता तोच डीजे हप्त्यांवर हॉलमध्ये आणलाय. खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत, त्यामुळे तुमच्या सिनेमाचा अर्धा भाग वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ ऐकतं. आणि तुमच्याच सोफ्यावर बसलेल्या माणसाला संवाद कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खोकं उचलण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दुकानात सोबत न्या. डोळे मिटून बसवा, मराठी बोलणं लावा, आणि काय बोलले ते परत म्हणून दाखवायला सांगा. जमलं तर पैसे मोजा. नाही जमलं तर दुकानातून बाहेर पडा, खोक्यावर हजार वॅट लिहिलेले असोत की दहा हजार.